पिशव्यांची खुर्ची

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली डोळ्यांसमोर आणा. खिडक्या मोठ्या, पण एकही न उघडणारी. मधोमध लांबलचक टेबल आणि भोवती मोठी माणसं. शाळेत बसवायच्या हुशार यंत्रांनी मुलांशी कसं वागावं, ते ठरवणारी ही समिती. एका खुर्चीला ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ अशी पाटी होती. तिथे कुणी बसलं, तर त्याचं ऐकून घेतल्याशिवाय ठराव करायचा नाही, असा नियम होता. पण तिथे बसायला कुणा मुलाला कधी बोलावलंच नव्हतं. सगळे तिच्यावर आपापल्या पिशव्या ठेवत.

समितीत एक मावशी होती. तिची भाची, बारकी, शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर आली होती आणि कोपऱ्यात चित्र काढत बसली होती.

आज मंजुरीला आलं होतं वाचन ऐकणारं यंत्र. मुलाने मोठ्याने वाचायचं आणि यंत्राने त्याची तुकडी ठरवायची. चाचणीत त्याने बारकीला कच्च्या तुकडीत टाकलं होतं. धडा तिला छान समजला होता. फक्त ती बोलताना अडखळायची. ती थांबली, की यंत्र म्हणे, हिला येत नाही. आज मंजुरी मिळाली, की तीच तुकडी पक्की.

मावशीने तोंड उघडलं. “अहो, अडखळणं म्हणजे काही—”

“ताई, चाचणीत तुमची भाची आहे ना?” अध्यक्ष गोड हसले. “मग तुम्हाला बोलता येणार नाही. नातेवाइकांनी गप्प बसायचं, हा नियम तुम्हीच तर लिहिलात!”

“घ्या! आपल्याच जाळ्यात सापडलात,” शेजारचे वकील कुजबुजले.

“बरं, गप्प बसते. पण माझा होकार धरू नका.”

“असं कसं?” अध्यक्ष म्हणाले. “जो गप्प, त्याचा होकार. पहिल्यापासून हीच पद्धत आहे आपली.”

मावशी पेचात पडली. बोलावं तर नियम मोडतो, गप्प बसावं तर होकार होतो. उठून खिडकी उघडावी म्हटलं, तर तीही उघडत नाही. तिने बारकीकडे पाहिलं. बारकीची पेन्सिल थांबली होती.

“कुणाचा विरोध? नाही ना? चला, उरका. चहा निवतोय.”

बारकी उठली. तिने खुर्चीवरच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवल्या. वकिलांची फार जड होती, ती ओढूनच काढली.

“अगं ए, ती खुर्ची—” म्हणता म्हणता अध्यक्षांची नजर पाटीवर गेली आणि ते थबकले.

बारकी खुर्चीवर चढून बसली. तिने हात वर केला.

“मा… मा… माझा,” ती म्हणाली आणि अडली. सगळे थांबले. मग सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन, तिने वाक्य पुरं केलं.