आठ मिनिटं आधी पुसलेला फळा

फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वर्ग येतो, बाई येतात, न केलेला गृहपाठ येतो. मित्रांनो, मी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. मी सायकल दुरुस्तीच्या दुकानातला एक म्हातारा फळा आहे. माझ्या अंगावर कुणी पाढे लिहिले नाहीत. लिहिली ती पंक्चरं, तुटलेल्या चेन, आणि फुटबॉल.

मुळात मी एका कपाटाची पाठ होणार होतो. सुताराचं माप चुकलं, मी हातभर आखूड पडलो आणि भिंतीला टेकून धूळ खात बसलो. हे दुकान आता ताई चालवते; तेव्हा ते तिच्या वडिलांचं होतं. त्यांनी मला फुकटात उचलून आणलं आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. तिसरा हात देताना डबा संपला, म्हणून माझा एक कोपरा आजही करडा आहे. मग त्यांनी मला कामाच्या टेबलामागे चार खिळ्यांवर ठोकून बसवलं. तेव्हापासून मी जागचा हललेलो नाही.

वडील गेले तेव्हा ताई बावीस वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ नऊचा. आई त्याआधीच गेली होती. ताईनं दुकान चालवलं आणि भावालाही वाढवलं. चाकाचा आउट काढण्यात, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करण्यात, तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मोठा झाल्यावर धाकटा वेल्डिंग शिकला आणि मोडक्या फ्रेम जोडू लागला. गिऱ्हाईक आलं की ताई माझ्या डाव्या अर्ध्या भागावर लिहायची: "टपालवाली, मागचा ब्रेक", "बेकरीवाले काका, पुन्हा पंक्चर, पुन्हा तोच खिळा". उजवा अर्धा भाग मात्र धंद्याचा नव्हता.

चार वर्षांतून एकदा युरोपातल्या राष्ट्रीय संघांची मोठी स्पर्धा भरते. तिथं सगळ्यांनाच प्रवेश नसतो. आधी पात्रता फेरी असते, संघांचे गट पडतात, आणि प्रत्येक गटातले वरचे दोन पुढे जातात. आपला देश युरोपच्या एका कोपऱ्यातला, छोटा; आपला संघ एकदाही पुढे गेला नव्हता. ताई दर वेळी उजव्या बाजूला गटाचा तक्ता आखायची: संघ, सामने, गोलफरक म्हणजे घातलेल्या गोलांतून खाल्लेले वजा, आणि गुण. शेवटचा रकाना तिचा स्वतःचा होता. त्याचं नाव 'शेरा'.

ती कुठल्याच संघाला खऱ्या नावानं हाक मारायची नाही. उत्तरेकडचे ते बर्फवाले. त्यांच्यापुढे शेरा होता, "उंच. बाकी काही नाही, पण तेवढं पुरतं." डोंगरवाल्यांना लिहिलं होतं, "धावतात खूप, विचार विश्रांतीत करतात." बेटवाल्यांना, "अकराच्या अकरा गोलात उभे. यांच्यावर गोल करणं म्हणजे भिंतीला दार विचारणं." नदीकाठच्यांना, "सज्जन माणसं. सहा-सहा गोल खातात आणि हात मिळवून जातात." आणि आपल्या संघापुढे दर वेळी एकच शेरा असायचा, "अपेक्षा ठेवू नये."

लोक मुद्दाम पंक्चर काढायला यायचे आणि शेरे वाचत उभे राहायचे. बेकरीवाले काका म्हणायचे, "अगं, वर्तमानपत्रात लिही. इथं वाया चाललीस." मला त्या दिवसांत फार मान होता, मित्रांनो. आता कोण बघतंय?

ताईची एक वाईट खोड होती. ती सामना शेवटपर्यंत ऐकायची नाही. आपला संघ हरणार असं वाटलं की रेडिओ बंद आणि तक्त्यावर फडकं. धाकटा चिडायचा. "ताई, अजून दहा मिनिटं आहेत!" ती म्हणायची, "दहा मिनिटं आणखी जीव जाळायचा, एवढंच ना? जे होणार ते मला माहीत आहे." आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तेच व्हायचं, त्यामुळे ती खोड मोडायला कधी कारणच मिळालं नाही.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायला मी बसलोय, त्या वर्षी धाकटा सत्तावीस वर्षांचा होता. परदेशातल्या एका जहाजबांधणीच्या कारखान्याचा माणूस वेल्डर शोधत गावात आला. त्यानं धाकट्याचं काम पाहिलं आणि तिथंच विचारलं. करार तीन वर्षांचा, शनिवारी संध्याकाळी सहाच्या गाडीनं तो परतणार, त्याआधी सही हवी.

दोन दिवस त्या दुकानात हातोडी सोडून कुणी बोललं नाही. ताईला वाटत होतं, मी राहा म्हटलं तर तो राहील, आणि जन्मभर माझ्यामुळे इथं पंक्चरं काढत बसेल. धाकट्याला वाटत होतं, मी जातो म्हटलं तर हिला एकटीला टाकल्यासारखं होईल, आणि राहतो म्हटलं तर हिच्या गळ्यात पडल्यासारखं. मला हे दोघांच्याही चेहऱ्यांवर दिसत होतं. मी त्यांच्या समोरच्याच भिंतीवर होतो ना. पण एकमेकांकडे बघायला त्या दोघांना सवड नव्हती.

शेवटी शुक्रवारी धाकट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ताई, उद्या शेवटचा सामना आहे. आपण पोचलो तर मी थांबतो. पुढच्या उन्हाळ्यात दोघं मिळून स्पर्धा बघायला जाऊ. नाही पोचलो तर जातो."

"चालेल," ताई म्हणाली. एवढा मोठा निर्णय अकरा परक्या माणसांच्या पायांवर सोपवताना दोघांनाही हायसं वाटलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता गणित नीट ऐका, कारण सगळा घात तिथंच झाला. बर्फवाले पहिले येणार हे ठरलेलंच होतं. दुसऱ्या जागेसाठी आपण आणि डोंगरवाले, दोघांचे बारा-बारा गुण. शनिवारी दुपारी साडेतीन वाजता दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होणार होते: आपला बर्फवाल्यांशी, डोंगरवाल्यांचा बेटवाल्यांशी.

शनिवारी दुकानात ते दोघंच होते. रेडिओ टेबलावर, ताईच्या हातात एक चाक, धाकट्याच्या खिशात करारनामा. पहिल्या अर्ध्यात गोल नाही. तिकडेही नाही. बेटवाले शेऱ्याला जागले होते, अकराच्या अकरा गोलात. सत्तर मिनिटं झाली, ऐंशी झाली. दोन्हीकडे शून्य-शून्य.

ब्याऐंशीव्या मिनिटाला ताई उठली आणि खडू घेऊन माझ्यापाशी आली. बारा अधिक बरोबरीचा एक, तेरा. तेही तेरा, आपणही तेरा. मग तिनं गोलफरक पाहिला. डोंगरवाल्यांनी नदीकाठच्यांना सहा गोल घातले होते, त्यांचा फरक अधिक सहा. आपला अधिक एक. तिचा चेहरा उतरला.

"संपलं," ती म्हणाली.

"अजून आठ मिनिटं आहेत, ताई."

"आठ मिनिटांत हे काय दिवे लावणार आहेत? दोन वर्षांपूर्वी जागतिक स्पर्धेच्या वेळी असंच झालं होतं. गुण सारखे, आणि गोलफरकावर घरी. परत तेच. मला नाही ऐकायचं."

तिनं रेडिओ बंद केला. फडकं सापडेना, म्हणून चेन पुसायची तेलकट चिंधी उचलली आणि उजवी बाजू वरपासून खालपर्यंत पुसून काढली. संघ गेले, गुण गेले, शेरे गेले. तेल माझ्या अंगात मुरलं. ती पुसत होती तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण तोंड माझ्याकडे होतं. धाकट्याला दिसली ती फक्त तिची पाठ आणि भराभरा फिरणारा हात.

त्यानं खिशातला करारनामा चाचपला. मग म्हणाला, "बरं. मी सही करून येतो."

"ये," ताई माझ्याकडे बघतच म्हणाली.

मित्रांनो, त्या आठ मिनिटांत मैदानावर काहीही घडलं नाही. कुणी गोल केला नाही, कुणी चुकवला नाही. दोन्ही सामने शून्य-शून्यच सुटले. आणि रस्त्यावर ओरडा सुरू झाला. खिडक्या उघडल्या, कुणी पातेली बडवू लागलं, गाड्यांचे भोंगे वाजू लागले. ताईला आधी वाटलं, कुठं आग लागली. बेकरीवाले काका पिठाच्या हातांनीच धावत आत शिरले.

"पोचलो! अगं, पोचलो आपण! रेडिओ का बंद आहे?"

"कसे पोचलो? गोलफरक..."

"गोलफरक इथं नंतर बघतात! गुण सारखे झाले की आधी त्या दोघांचे आपापसातले सामने बघतात. आपण डोंगरवाल्यांना आपल्याकडे हरवलं होतं, तिकडे बरोबरी केली होती. आत्ताच रेडिओवर सांगितलं की!"

ताईसारख्या बाईला हा नियम माहीत नव्हता, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण जागतिक स्पर्धेचा नियम वेगळा होता, तो तिला चटका बसून पाठ झाला होता. आणि या स्पर्धेत आपला संघ आजवर गुण सारखे होण्याइतका वरच आला नव्हता, तेव्हा हा नियम कधी कामालाच आला नव्हता. चार वर्षांनी एकदा, असा पाच वेळा तक्ता आखणाऱ्या बाईला तो बघायची गरजच पडली नाही.

धाकटा परतला तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यालाही रस्त्यातच कळलं होतं. काका म्हणाले, "अरे, गाडीला अजून अर्धा तास आहे. पळ, कागद परत घेऊन ये!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं की इथं आपलं काम नाही, म्हणून ते हळूच बाहेर पडले.

धाकटा दारातच उभा होता. जाण्यासाठी म्हणा, राहण्यासाठी म्हणा, त्याला एकच शब्द हवा होता.

"सही केलीस?" ताईनं विचारलं.

"केली." मग तो म्हणाला, "तू शिट्टीचीसुद्धा वाट पाहिली नाहीस, ताई. किती घाईनं पुसलंस."

ताईनं मान वर केली. तिला बोलायचं होतं. तोंडही उघडलं तिनं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "तू तरी कुठं थांबलास? मी पुसलं आणि तू निघालासच."

"मला वाटलं, तुला..."

"काय वाटलं?"

"काही नाही. बरंच झालं. तुलाही घर मोकळं होईल."

"हो," ताई म्हणाली. "मोकळं होईल."

मी ओरडलो असतो, मित्रांनो, पण फळ्याला स्वतःचा आवाज नसतो. दुसऱ्यानं लिहावं तेव्हा आम्ही बोलणार. बाहेर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि आत ती दोघं आपापल्या कामाला लागली. तिनं चाक उचललं, त्यानं फ्रेम. सहा वाजून गेले.

पंधरा दिवसांनी तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात आपला संघ त्या मोठ्या स्पर्धेत खेळला. तिन्ही सामने हरला म्हणे. म्हणे म्हणतो, कारण ताईनं रेडिओ लावलाच नाही. माझ्या उजव्या बाजूला तक्ता पुन्हा आखला गेला नाही. तेलाच्या डागावर धूळ बसत गेली. नवी गिऱ्हाइकं विचारायची, ही बाजू अशी का? ताई सांगायची, खराब झालीय. सुरुवातीला धाकट्याचा फोन दर रविवारी यायचा. तो तिथल्या हवेबद्दल बोलायचा, ती इथल्या पंक्चरांबद्दल. मग फोन महिन्यावर गेला. तीन वर्षांचा करार त्यानं वाढवून पाच वर्षांचा केला.

चौथ्या वर्षी टपालवालीनं एक पाकीट आणून दिलं. आत फोटो होता. धाकटा, शेजारी त्याची तिकडचीच बायको, आणि दोघांच्या अंगात तिथल्या राष्ट्रीय संघाचा सदरा. पाठीमागे त्यानं लिहिलं होतं, "आम्ही पोचलो! शेवटपर्यंत बघितला."

ताईनं तो फोटो बराच वेळ हातात धरला. 'आम्ही' या शब्दावर तिचा अंगठा होता. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. ती उठली, खडू घेतला आणि माझ्या उजव्या बाजूला, त्या तेलकट डागावर लिहू लागली. खडू घसरत होता. तिनं इतका दाबला की दोनदा मोडला. अक्षरं वेडीवाकडी आली, पण आली.

"नको जाऊस."

बेकरीवाले काका सायकल न्यायला आले, त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कुणाला गं?"

"कुणाला नाही," ताई म्हणाली. "खडू उमटतो का ते बघत होते."

काकांनी फोटोकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि सायकल घेऊन गेले. ताईनं ती अक्षरं पुसली नाहीत. अजूनही आहेत ती. दमट हवेनं फिकी झालीत, पण जवळ आलात तर वाचता येतील.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. कुणी रंग मागतं, कुणी तेलपाणी, कुणी जरा सावली. माझं माझ्यासाठी काही मागणं नाही. हा डाग आता जाणार नाही, आणि गेला तरी तिथं तक्ता कोण आखणार? पण तुमच्या घरातून कुणी निघालं असेल, आणि त्यानं राहावं असं तुम्हाला वाटत असेल, तर सामन्यावर सोपवू नका, नियमावर सोपवू नका, त्यानं ओळखावं म्हणून गप्प बसू नका. तो दारात उभा असेपर्यंत तोंडानं सांगा. मी चार वर्षं उशिरा लिहिलेला शब्द अंगावर घेऊन इथं लटकतोय, आणि ज्यानं तो वाचायला हवा होता तो या दुकानात परत आलेला नाही.