देवीलालच्या दारी मुक्काम

रुपीबाईनं नेमसिंगच्या मोबाइलवर बोट टेकवून रस्ता डोंगराकडं ओढला, तर अख्खा नकाशाच सरकला.

“काकी, दिग्रसवरून सरळ जाऊ ना पोहरादेवीले. डोंगरातून दोन कोस वाढते,” नेमसिंग म्हणाला. तांड्याचा नायक तो, पण पदयात्रेचा रस्ता ठरवायचा मान रुपीबाईचा.

“वाढू दे. मुक्काम देवीलालच्या घरी.”

“त्याच्या घरी? काहून?”

“मुक्कामाच्या घरचा कर्ता सगळ्यायचे पाय धुते. त्यानं माह्या लेकीचे, जमनीचे पाय धुवाले पायजे.”

नेमसिंगनं नकाशावर डोंगराचा रस्ता धरला. तीन वर्षांपूर्वी मूल होत नाही म्हणून देवीलालनं जमनीला, आपल्या सुनेला, वैशाखात, भर दुपारी, अनवाणी हाकललं होतं. वर पंचायतीत हसलाही होता. ते हसणं रुपीबाईच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. ते निघाल्याशिवाय तिला देवीसमोरही हात जोडायचे नव्हते.

जमनी नको नको म्हणत होती. रुपीबाईनं ऐकलं नाही.

निघाल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी चाळीस माणसं पांढरा झेंडा घेऊन देवीलालच्या अंगणात टेकली. रुपीबाईनं लेकीला सगळ्यांत पुढं बसवलं. देवीलाल ओसरीवर आला, त्यानं जमनीला पाहिलं आणि कमरेला हात लावून खाटेवर आडवा झाला.

“कंबर धरली माही. राखी, पाय धू सगळ्यायचे.”

घंगाळ घेऊन आली ती नवी सून, जेमतेम विशीची. रुपीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी चढण चढून आलो, आणि म्हातारा शेराला सव्वाशेर निघाला!

राखी जमनीसमोर बसली. पाणी ओतताना तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते, काही जुने, एक ताजा. जमनीनं पाय मागं घेतले. तिनं आपली बाही वर केली आणि हात राखीच्या हाताशेजारी धरला. जमनीच्या हातावरचे तसलेच डाग रुपीबाई तीन वर्षं रोज पाहत होती.

खाटेवरून देवीलाल मोठ्यानं खाकरला.

“पोरी,” त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात रुपीबाईनं राखीला विचारलं, “पोहरादेवी इथून सात कोस हाय. चालणं होते का तुह्यानं?”

देवीलाल ताडकन उठून बसला. राखीनं तांब्या खाली ठेवला. जमनीनं सरकून तिला शेजारी जागा करून दिली.