एकाच घरातली जोडी

"सहावा नियम परत वाचा," सेक्रेटरी म्हणाले.

मी वाचला. "मिश्र दुहेरीतली जोडी एकाच घरात राहणारी असावी. वेगवेगळ्या घरांतल्या खेळाडूंची जोडी ग्राह्य धरली जाणार नाही."

"हे कशासाठी?" तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांना मिश्र दुहेरीशी काही देणंघेणं नव्हतं. चहा येईपर्यंत बोलायला काहीतरी हवं होतं.

"कुटुंबं एकत्र खेळावीत म्हणून," मी म्हटलं. "दरवर्षी तेच चार जण कप नेतात आणि बाकीच्या बायका खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात."

हे काही खोटं नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांत मी सात वर्षं होतेच. सेक्रेटरींनी मान डोलावली, चहा आला आणि नियम मंजूर झाला.

वीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात परिपत्रकं लिहिते आहे. आपल्या सोयीची गोष्ट सगळ्यांच्या भल्याची कशी दाखवायची, ते मी माझ्या साहेबांकडे बघून शिकले. त्यामुळे वसाहतीच्या बॅडमिंटन स्पर्धेची नियमावली आपसूकच माझ्याकडे आली. एकच गेम, एकवीस गुणांचा. दहा मिनिटांत हजर न झाल्यास सामना समोरच्याला. टाचांच्या चपला घालून कोर्टात यायचं नाही. असे एकूण एकोणीस नियम होते. अठरा सगळ्यांसाठी होते आणि सहावा एका बाईसाठी.

ती बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. सगळे तिला मेडिकलवाली म्हणतात. चाळिशीची, लग्न न केलेली, सडपातळ, केस कायम वर बांधलेले. गेली सात वर्षं मिश्र दुहेरीत ती माझ्या नवऱ्याची जोडीदार होती.

माझा नवरा चष्म्याच्या काचा घासतो. घरी आला की जेवण, बातम्या, झोप. दिवसभर मशीनवर वाकून बसणारा माणूस घरी येऊन काय बोलणार, असं मी सगळ्यांना सांगते. पण कोर्टावर त्याला कंठ फुटायचा. "अगं मागे, मागे! ते तुझं होतं. डोळे मिटून खेळतेस का?" आणि ती तिथल्या तिथे, "तू आधी तुझ्या जागेवर उभा राहा, मग मला शिकव." मग दोघं हसायचे. दुकानात गोळ्या घ्यायला गेला की हाच माणूस तिला "मॅडम, ही जेवणाआधी ना?" असं विचारायचा. कोर्टाबाहेर मॅडम आणि कोर्टात अगं. मला लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावरही इतक्या जोरात कुणी अगं म्हटलं नव्हतं.

त्यांच्यात तसलं काही नव्हतं. हे मी खात्रीने सांगते, कारण मी नीट तपासून पाहिलं होतं. फोन पाहिला, सरावाच्या वेळा पाहिल्या, एकदा विसरलेली पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने हॉलमध्ये अचानक जाऊन उभीही राहिले. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. नवरा दुसऱ्या बाईबरोबर मोकळेपणाने हसतो म्हणून भांडायला उभी राहिले असते, तर माझंच हसं झालं असतं. पण माझ्या पोटात दुखत होतं हे खरं.

नियमावली फळ्यावर लागली त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "तो सहावा नियम कुणाच्या डोक्यातून आला?"

"कमिटीच्या," मी म्हटलं आणि त्याला भाजी वाढली.

"हं." त्याने दोन घास खाल्ले. "मग तू खेळणार?"

"खेळीन की. तू शिकव."

त्याने महिनाभर शिकवलं. रॅकेट कशी धरायची, पाय कसा टाकायचा, सर्व्हिस कशी करायची, सगळं शांतपणे. माझं फूल जाळीत अडकलं की तो म्हणायचा, "चालेल." कोर्टाबाहेर गेलं की, "होतं असं." मी मुद्दाम दोनचार सोपी फुलं सोडून दिली. म्हटलं, आता तरी ओरडेल. तो वाकून फूल उचलायचा आणि म्हणायचा, "दमलीस का? थांबूया." दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसं.

सर्व्हिस तेवढी मला जमली. आखूड, जाळीला घासून जाणारी. त्यात मन लागलं माझं.

नावं द्यायच्या शेवटच्या दिवशी सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात मेडिकलवालीचा फॉर्म होता. जोडीदार या रकान्यात तिने वडिलांचं नाव लिहिलं होतं. वय शहात्तर.

"बसतं का हो हे नियमात?" त्यांनी विचारलं.

मी फॉर्मकडे बघत राहिले. नियम लिहिताना 'पती-पत्नी' असं लिहायचं माझ्या मनात आलं होतं. पण ते फारच उघडं पडलं असतं, म्हणून 'एकाच घरात राहणारी' असं सभ्य शब्दांत लिहिलं. वाचणाऱ्याला शंकेला जागा राहू नये असं लिहिण्याचा पगार घेते मी.

"बसतं," मी म्हटलं.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्याच फेरीत आमची गाठ त्यांच्याशी पडली.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. मेडिकलवालीचे वडील पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आले. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस, हात अजून घट्ट होते, पण गुडघे वाकत नव्हते. कानाला यंत्र. मुलीने त्यांना धरून जाळीपाशी आणलं आणि खुणेने सांगितलं, इथंच उभं राहायचं. मग ती मागे गेली आणि तिने एकटीने सगळं कोर्ट घेतलं.

माझ्या नवऱ्याने पहिली सर्व्हिस केली. समोर वडील होते. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस ज्याच्या चौकोनात येईल त्यानेच घ्यावी लागते, त्यात मुलीला मदत करता येत नाही. नवऱ्याने फूल इतकं उंच आणि हळू दिलं, की ते जणू त्यांच्या रॅकेटवर आणून ठेवलं. म्हाताऱ्यांनी ते परत केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिथून पुढे फूल मेडिकलवालीकडे गेलं, तिच्याकडून नवऱ्याकडे आलं, परत तिच्याकडे गेलं.

समोर एक म्हातारा उभा असताना फूल त्याच्या अंगावर मारायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या नवऱ्याने ते एकदाही केलं नाही. ती या कोपऱ्यात पळाली की तो त्या कोपऱ्यात टाकायचा आणि ती तिथेही पोचायची. तिचे केस सुटले. त्याचा सदरा पाठीला चिकटला. "बाहेर जाईल, सोड!" ती पलीकडून त्यालाच ओरडली, आणि तो ओरडला, "तुझं तू बघ!"

मी आमच्या बाजूला जाळीपाशी रॅकेट उभी धरून थांबले होते. महिनाभर शिकलेला पाय कुठे टाकावा ते कळत नव्हतं, कारण फूल माझ्याकडे येतच नव्हतं. जाळीपलीकडे माझ्यासमोर हातभर अंतरावर म्हातारे तसेच उभे होते. फूल आमच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं आणि आम्ही दोघं मान वर करून बघत होतो. एका घरात राहणाऱ्या जोड्या मी कागदावर बनवल्या होत्या. खेळत होते ते दोघंच.

"दोघंही छान खेळतात, नाही?" म्हातारे मला म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या सर्व्हिसला समोर म्हातारे आले की मी ती त्यांच्या पायाशी टाकायला लागले. आखूड, जाळीला घासून. त्यांना वाकता येत नव्हतं. एक गुण, दुसरा गुण, तिसरा. टाळ्या थांबल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, पण चालेल म्हणाला नाही. वीस-सतरावर पुन्हा माझी सर्व्हिस होती आणि समोर पुन्हा तेच. ते पुढे झुकले, रॅकेट जमिनीला घासली आणि फूल त्यांच्या बुटापाशी पडलं. आम्ही जिंकलो.

मी नवऱ्याकडे वळले. तो म्हणाला, "सर्व्हिस नियमाला धरून होती."

बाजूच्या बाकावर म्हातारे माझ्याशेजारी येऊन बसले. मुलगी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सैल करत होती. नवरा समोर उभा राहून रॅकेटची मूठ पुसत होता. कानाला यंत्र लावलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"सेक्रेटरी म्हणाले, तो एका घराचा नियम तुम्ही घातलात. तुमचीच कल्पना म्हणे."

मी माझी रॅकेट पिशवीत घालायला लागले.

"आभार मानायचे होते तुमचे. ही बारा वर्षांची असल्यापासून खेळतेय. मी कायम कुठल्या ना कुठल्या खांबावर चढलेला. कधी हिच्याबरोबर खेळलो नव्हतो. हा नियम नसता तर हिने मला कशाला घेतलं असतं?" त्यांनी आपला जाड हात माझ्या डोक्यावर ठेवला. "तुमच्यामुळे झालं हो."

मेडिकलवालीने मान वर केली नाही. ती नाडीच सोडवत राहिली, बराच वेळ. नवऱ्याचा मुठीवरचा हात थांबला.

"तू लिहिलास?" त्याने विचारलं.

"हो."

तो ओरडला नाही. मी वाट बघत होते, सगळ्यांदेखत ओरडला असता तरी चाललं असतं. त्याने कोर्टाकडे पाहिलं. पुढच्या जोडीतलं कुणी अजून आलं नव्हतं.

"चल," तो तिला म्हणाला. "कोर्ट रिकामं आहे. दोन हात खेळू."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरची तिची रॅकेट उचलून तिच्या हातात दिली. दुसरं काय करणार होते?

ते दोघं कोर्टात गेले. गुण नाहीत, पंच नाही. म्हातारे कौतुकाने बघत होते आणि मधूनमधून मला कोपराने ढोसत होते. मी फूल किती वेळा जाळीवरून जातं ते मोजायला लागले. चाळीसपर्यंत मोजलं. मग म्हाताऱ्यांनी पाणी मागितलं, म्हणून उठले.