चार प्लग, तीन जातींचे

मधवालीच्या ट्रकचं एक विचित्र होतं. दुपारी म्हणाल तेव्हा एका किल्लीत सुरू, पण पहाटे गारठ्यात ढिम्म हलायचा नाही. आणि मधमाश्यांच्या पेट्या हलवायच्या त्या पहाटेच, सगळ्या माश्या आत असताना. सफरचंदाच्या बागेत कळ्या फुटायला आल्या होत्या. "पाच दिवसांत पेट्या आल्या नाहीत तर मी दुसऱ्याच्या बोलावतो," असं बागवाल्यानं फोनवर सांगूनच टाकलं.

शेजारच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. "हीटर प्लग गेलेत. डिझेल इंजिन थंड असलं की आधी आतली हवा तापवावी लागते. ते काम ह्या काड्यांचं."

त्यानं चारही काढून गोणपाटावर मांडले. दोन सारखे, तिसऱ्याचं टोक लांब, चौथा भलताच.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मिस्त्री म्हणाला.

"ह्यातला बरोबर कोणता?"

"देव जाणे. ज्याला जो मिळाला तो त्यानं बसवला. गाडीचं पुस्तक घेऊन जा, दुकानदार सांगेल."

ट्रक मूळचा तिच्या सासऱ्यांचा. पंचवीस वर्षं त्यांनीच चालवला होता. आप्पा अंगणात बसून पेटीच्या चौकटींवरचं जुनं मेण खरवडत होते. तिनं प्लग त्यांच्यापुढे धरले. "आप्पा, ह्यातला मूळचा कोणता?"

"जो तापतो तो," आप्पा म्हणाले आणि पुन्हा खरवडायला लागले. पुढे कितीही विचारलं तरी ताकास तूर लागू देईनात.

मोठ्या दुकानातल्या माणसानं पुस्तक पाहिलं, नंबर काढला आणि सोनेरी खोक्यातले चार प्लग दिले. मिस्त्रीनं पहिलाच लावला, तर दोन फेऱ्यांत अडकला. "आटे वेगळे आहेत. जोर केला तर इंजिनाचं डोकं फुटेल." ती परत गेली.

"ताई, पुस्तकाप्रमाणे हाच नंबर," दुकानदार म्हणाला. "माझा प्लग बरोबर आहे, तुमची गाडी चुकतेय."

मग त्यानं जुन्याशी डोळ्यांनी ताडून दुसरे दिले. आटे जुळत होते, पण अंगावर सहाचा आकडा होता, आणि जुन्या दोघांवर अकरा. गाडीची बॅटरी तर बारा व्होल्टची. सहा, अकरा, बारा. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. तिनं ते घेतलेच नाहीत. बाहेर येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. तो दूर धरणाच्या कामावर होता.

"अहो, ह्या गाडीला नक्की कसले प्लग लागतात?"

"आप्पांना विचार."

"विचारलं. ते बोलत नाहीत."

"मग... इथं रेंज नाही गं," म्हणून त्यानं फोन ठेवला. रेंज तर खणखणीत होती.

गल्लीच्या टोकाला एक जुनं दुकान होतं. तिथल्या बाईंनी पुस्तक हातातही घेतलं नाही. "पुस्तक गाडीचं असतं, प्लग इंजिनाला लागतो. इंजिनावरचा नंबर आण."

घरी येऊन तिनं रॉकेलच्या फडक्यानं इंजिनावरची वर्षानुवर्षांची चिकटण पुसली. नंबर दिसला. पुस्तकातल्या नंबराशी त्याचा एकही आकडा जुळत नव्हता. ती तशीच काळ्या हातांनी आप्पांपुढे उभी राहिली.

"आप्पा, ही गाडी चोरीची आहे का?"

आप्पांनी चौकट खाली ठेवली. "चोरीची कशाला? इंजिन बदललंय."

"कधी? आणि का?"

"तुझा नवरा अठराचा होता. मला न विचारता गाडी काढली, तेल नसताना चढावर दामटली. इंजिन जाम. तुझ्या सासूला कळलं असतं तर तिनं त्याला घरात घेतलं नसतं. मी भंगारातून दुसरं आणून बसवलं. तिला सांगितलं, गाडी आठ दिवस दुरुस्तीला आहे."

"पण सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली! मला दोन दिवस नाचवलंत, सांगायचं ना!"

"कुणाला सांगणार नाही, हा शब्द तिला कुठं दिला होता? त्याला दिला होता."

रागवावं की हसावं, ते तिला ठरेना. "गाडीच्या कागदांवर नव्या इंजिनाची नोंद तरी करून घ्यायची," एवढंच ती म्हणाली.

दुकानवाल्या बाईंनी नंबर वाचून अकरा लिहिलेले प्लग काढले.

"पण बॅटरी बाराची ना?"

"तारेतून येताना वीज थोडी घटते, ते धरूनच बनवतात. सहाचा पटकन लाल होतो, पण त्याला वेळेवर वीज तोडणारं यंत्र लागतं. तुझ्या गाडीत बटण दाबून धरायचं. चार दिवसांत टोक फुगेल, तुटून आत पडेल. मग बस रडत."

त्यांच्याकडे दोन बनावटींचे होते. बाईंनी दोन्हींतला एकेक चिमट्यात धरून बॅटरीला जोडला. चकचकीत होता तो मधल्या भागातच लाल झाला आणि टोक काळंच राहिलं. दुसरा, मळकट खोक्यातला, टोकापासून पेटत वर आला.

"उष्णता टोकाला हवी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असला नको नेऊस. आणि चारही एकदम बदल."

दुसऱ्या पहाटे पेट्यांची तोंडं जाळीनं बंद करून त्या ट्रकवर चढवल्या. आप्पा शेजारी बसले. तिनं बटण दाबून वीस आकडे मोजले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि लागलं. आप्पांनी काच वर केली.

बागेत पेट्या उतरवून झाल्या तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "मग, कुठले घातलेस?"

"इंजिनाला लागतात ते."

"म्हणजे आप्पांनी सांगितलं."

"सगळं."

"एक गोष्ट त्यांनाही माहीत नाही. आईला ठाऊक होतं. आठ दिवसांत मीच कबूल केलं तिच्यापाशी. ती म्हणाली, 'ह्यांना कळू देऊ नकोस. आपण कसं लपवलं, ह्या आनंदात आहेत बिचारे.'"

मधवाली फोन हातात धरून उभी राहिली. म्हणजे आप्पांनी सासूबाईंपासून लपवलं, सासूबाईंनी आप्पांपासून, नवऱ्यानं दोघांपासून थोडंथोडं, आणि तिच्यापासून सगळ्यांनीच. आता हे सांगायचं, की आपणही त्या रांगेत जाऊन बसायचं?

पलीकडे आप्पा वाकून एकेक जाळी काढत होते. पहिल्या माश्या बाहेर येऊन पेटीभोवती घिरट्या घालत नवी जागा ओळखून घेत होत्या.

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

"विचारत होते, गाडी सुरू झाली का."

"मग सांग की, झाली म्हणून," आप्पा म्हणाले आणि पुढच्या पेटीकडे वळले.