अनोळखी वृद्ध पर्यटक

लुत्साआत्या सत्तेचाळीस वर्षांनी कॅनडाहून गावी आली, तीही ऐन ऑगस्टात. मी तिला फोनवर चारदा सांगितलं होतं, ऑक्टोबरात ये, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. पण डॉक्टरांनी तिला ऑक्टोबरचा भरवसा दिला नव्हता. हे तिने आल्यावर जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं.

मी इथल्या राष्ट्रीय उद्यानात तळ्यांवर रक्षक आहे. गळ्यात शिट्टी अडकवून पाण्यावरच्या लाकडी वाटेवर उभी असते. बावीस वर्षं काम एकच, कोणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही. आमच्या धबधब्यांच्या कडा दिसतात दगडाच्या, पण ती शेवाळावर बसलेली चुन्याची पुटं असतात. टाच पडली की मोडतात.

तिथे खालच्या तळ्याशी आजोबांची पाणचक्की होती. आत्याचा जन्म तिथलाच.

सकाळी मी तिला तिथे घेऊन गेले. फाटकाशी रांग पार रस्त्यापर्यंत होती.

"माझ्या घरात शिरायला रांग?" ती म्हणाली.

"आत्या, हळू बोल."

"का? यांच्यातल्या कुणाला कळतंय आपलं बोलणं?"

पुढचा माणूस वळून हसला. तो झाग्रेबचा, आमच्याच भाषेचा निघाला. आत्याही हसली, पण तेवढंच. वाटेवर माणसाला माणूस खेटून होता. थांबायची सोय नव्हती, मागचे ढकलत होते. कुणाची तरी पिशवी तिच्या पाठीवर सारखी आपटत होती. ती माझा दंड धरून चालत होती.

माझी कामाची पाळी दहाला सुरू होत होती. चक्कीच्या जागेजवळ मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "इथून हलू नकोस. जेवणाच्या सुट्टीत येते," म्हणून वीस पावलांवर माझ्या जागी जाऊन उभी राहिले.

पाऊण तासाने पाहिलं तर आत्या वाटेच्या काठावर बसून बूट काढत होती. मोजे तिने नीट गुंडाळून बुटात ठेवले. मग पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले.

शिट्टी माझ्या ओठांत होती. दुसरं कोणी असतं तर मी केव्हाच वाजवली असती. मनात म्हटलं, एक मिनिट, मग जाऊन हळूच उठवीन.

ते एक मिनिट महागात पडलं. तिच्याशेजारी एक पोरगी बसली, मग तिची आई. "चालतं वाटतं इथे," म्हणत आणखी सात-आठ जण. एकाने थेट कडेवर उडी मारली, त्याच्यामागे दुसऱ्याने. वाटेवरचे बघायला थांबले, मागून लोंढा येतच होता. मी शिट्टी फुंकत धावले, पण गर्दीतून वीस पावलं जाईपर्यंत कड मोडली होती. त्यांच्यातला एक उंच, पन्नाशीचा गृहस्थ कडेसकट खाली कोसळला. मनगट विचित्र कोनात वळलेलं, कपाळातून रक्त. त्याची बायको ओरडत होती. स्ट्रेचर त्या गर्दीतून यायला चाळीस मिनिटं लागली.

आणि मी आधी कोणावर ओरडले असेन? आत्यावर. "ऊठ! पाय बाहेर काढ! कळत नाही तुला?" सगळ्यांदेखत. तिने ओल्या पायांवरच मोजे चढवले.

संध्याकाळी कचेरीत अहवाल लिहिला. सुरुवात कोणी केली या रकान्यात मी लिहिलं: अनोळखी वृद्ध पर्यटक. तेव्हा मला वाटलं, मी तिला वाचवतेय. खरं म्हणजे मी स्वतःलाही वाचवत होते.

घरी येऊन तिला सांगितलं, "काळजी करू नकोस, तुझं नाव कुठे आलेलं नाही."

"मग काय आलंय?"

मी सांगितलं.

तिने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा केला. "हॅमिल्टनमध्ये सत्तेचाळीस वर्षं अनोळखी होते," ती म्हणाली. "तिथे ठीक होतं गं. पण इथे, आणि तूच तसं लिहावंस?"

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ती शेजाऱ्याच्या गाडीतून कचेरीत गेली होती. आमचे प्रमुख दामिर यांनी मला नंतर सांगितलं, ती म्हणाली, "लिहा. लुत्सा होदाक, चक्कीवाल्या मिलेची मुलगी. पहिले पाय माझे. आणि माझी भाची बघत होती, हेही लिहा, कारण ते खरं आहे." त्या जखमी माणसाचं नाव विचारून ती इस्पितळातही गेली. त्याने तिला भेट नाकारली. तिथे ती तासभर दाराबाहेर बसून होती.

मला वाटेवरून काढून बसगाड्यांच्या वाहनतळावर नेमलं. शिक्षा सौम्य होती, सगळेच म्हणाले. मला राग आला होता, आत्याचा. विमानतळावर सोडतानाही तो गेला नव्हता. तिने माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "तू शिट्टी वाजवायला हवी होतीस, स्मिल्या. मी ऐकलं असतं."

आता ती रविवारी फोन करते. तिच्याकडे बर्फ किती पडलाय ते सांगते, गोळ्यांनी तोंडाला चव नाही म्हणते. तळ्यांचा विषय ती काढत नाही. मीही नाही. मोडलेल्या कडेला दोरी बांधली आहे, पाणी आता तिथून वेगळ्याच बाजूने पडतं. पर्यटक त्याचेही फोटो काढतात.