बाळंतिणीकडे वळलेली सुई

मी होकायंत्राची एक जुनी सुई आहे, मित्रांनो. कपडे शिवायची नव्हे, हं! मला नेढं नाही आणि दोरा मी जन्मात ओवून घेतला नाही. पितळेच्या डबीत, काचेखाली, एका बारीक टोकावर तोल सांभाळून मी बसायची आणि उत्तरेकडे तोंड करून राहायची. डबी कशीही फिरवा, मी आपली मान तिकडेच वळवणार. हट्टी म्हणा, खाष्ट म्हणा, मला त्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म कुठल्याशा विलायती कारखान्यात झाला म्हणतात. मला आठवतं ते मात्र मगन मोजणीदाराच्या पिशवीपासूनचं. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे तेव्हा नुकतेच झाले होते. मगन मला पिंपळनेरच्या डोंगरांपासून पार पहूरच्या काळ्या शिवारापर्यंत घेऊन हिंडला. बांधावर तिपाई रोवायची, मला वर ठेवायचं आणि सगळ्यांनी गुपचूप उभं राहायचं. मी थिरावले की भांडणारे दोन भाऊसुद्धा मान डोलवायचे. सुईनं सांगितलं म्हटलं की विषय संपला. तो मान मला फार आवडायचा, खोटं कशाला बोलू? पुढे मगन वारला, डबीला पोचा आला आणि मी धुळ्याच्या जुन्या बाजारात मोडक्या सामानाच्या ढिगात जाऊन पडले. तिथे कित्येक वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या ढिगातून मला लीलाधरने उचललं. अंगात काळा कोट, आणि बोलणं असं गोड की समोरच्याला आपण आजारी असल्याचंच बरं वाटावं. तो स्वतःला डॉक्टर म्हणवायचा. कुठे शिकला, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याने मला शिसवी पेटीत बसवलं. पेटीला तारा जोडल्या, तारांना पितळेच्या दोन मुठी लावल्या. माझ्याखाली एक गोल कागद चिकटवला. उत्तरेच्या जागी लिहिलं निरोगी, आणि बाकी सगळीकडे क्षय, रक्तदोष, विष असली नावं. विजेचे दिवे तेव्हा अजून नवलाचे होते. विजेने रोग ओळखणारं यंत्र म्हटलं की माणसं पेटीला हात जोडायची. त्या तारा पेटीत शिरून तिथेच संपत होत्या, हे आत बसलेल्या मला तेवढं माहीत.

मग मी वळायची कशी? लीलाधरच्या अंगठीत खड्याच्या जागी चुंबक होता. तो बोलता बोलता हात पेटीवरून फिरवायचा आणि मला ओढायचा. मित्रांनो, ती ओढ तुम्हाला कशी सांगू? अंगातून एक गार कळ जाते आणि मान आपोआप फिरते. कोण ओढतंय ते मला कळत नाही. उत्तर ओढते तेव्हाही तसंच आणि अंगठी ओढते तेव्हाही तसंच. आडवी पडलेली मी, मला आधी वर वाकलेली तोंडं दिसायची. मी क्षयावर थांबले की त्या तोंडांचा रंग उडायचा.

धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलणारा जीवराम नावाचा हमाल होता, चांगला पैलवानगडी. गंमत म्हणून मुठी धरून बसला. लीलाधरने मला क्षयावर नेलं आणि त्याला लाल पाण्याची बाटली विकली. पुढच्या फेरीला जीवराम पुन्हा समोर बसला, तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, सदरा अंगावर लोंबत होता. त्याला रोग नव्हताच. आपण मरणार या विचाराने त्याचं अन्न तुटलं होतं. तो माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि लीलाधरने हात हलवायच्या आतच मान डोलवून मोकळा झाला. त्या दिवसापासून मला माणसांच्या डोळ्यांची भीती वाटायला लागली.

असे हिंडत हिंडत आम्ही सोनगीरला आलो. किल्ल्याच्या पायथ्याशी रुपचंद नावाच्या शेतकऱ्याचं घर होतं. त्याची बायको कमलबाई नुकतीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. रुपचंदची आई भिकुबाई जिवाला घोर लावून बसली होती, कारण याच घरात कमलबाईचा पहिला मुलगा पंधरवड्याच्या आत गेला होता. त्या वेळी एका फिरत्या वैदूने आईचं दूध वाटीत काढून त्यात मुंगी टाकली होती. मुंगी मेली, म्हणून दूध वाईट ठरलं आणि बाळाला ते बंद केलं. तरी बाळ वाचलं नाही. या वेळी भिकुबाईला वैदू नको होता, शिकलेला डॉक्टर हवा होता. म्हणून रुपचंद धर्मशाळेत येऊन लीलाधरला घेऊन गेला.

परका पुरुष बाळंतिणीच्या खोलीत शिरत नाही, पण डॉक्टर म्हणून त्याला आत घेतलं. खोलीत शेगडीचा धूर होता आणि ओव्याचा वास. लीलाधरने माझी पेटी खाटेच्या उशाशी पाटावर ठेवली. त्याचा बेत मला ठाऊक होता. अशा घरात तो सगळं छान आहे म्हणायचा आणि ताकदीचं औषध विकायचा. कमलबाईने मुठी धरल्या. बाटली काढायला त्याने उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

आणि मला कुणीतरी ओढलं.

तीच गार कळ आली आणि मान गरकन फिरली. अंगठी जवळपास नव्हती. मी थरथरत थांबले ती विषावर, आणि माझं टोक सरळ कमलबाईकडे होतं. लीलाधरचा हात खिशातच राहिला. त्याने पेटी मागे घेतली, मी उत्तरेला गेले. पुन्हा उशाशी आणली, मी पुन्हा तिच्याकडे वळले. काचेवर वाकलेल्या त्याच्या तोंडाला घाम फुटला होता. इतकी वर्षं त्याने मला खोटं बोलायला लावलं, आणि आज मी त्याला न विचारता बोलत होते. माझ्या स्वतःच्याच अंगावर काटा आला, मग त्याचं काय झालं असेल!

त्याने भिकुबाईला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की हिच्या दुधात विष आहे, पोरीला हिच्याजवळ देऊ नका. या खेपेला तो फसवत नव्हता, मित्रांनो. त्याला ते खरंच वाटत होतं. औषध विकायचंही त्याला सुचलं नाही. जाताना तो मला उचलायला धजेना. विष उतरलं की सुई आपोआप निरोगीवर येईल, तोवर पेटी इथेच असू द्या, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

मग सुरू झाले ते दिवस आठवले की आजही मला कसंतरी होतं. पोर शेजारच्या खोलीत भिकुबाईच्या मांडीवर. तिला शेळीच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजायचे. कधी ओकायची, कधी घ्यायचीच नाही. इकडे कमलबाईला पान्हा फुटून चोळी भिजायची, अंग तापायचं, आणि ती कुशीवर वळून माझ्याकडे बघत राहायची. मी तिच्याकडे रोखून आणि ती माझ्याकडे. ती डोकं इकडे सरकवायची, तिकडे सरकवायची. मी हलत नव्हते. हळूहळू तिलाही वाटायला लागलं की आपल्यात काहीतरी वाईट शिरलंय. हाताची नखं ती निरखून बघायची. पोरीचं रडणं आधी भिंतीपलीकडून खणखणीत यायचं, मग मांजराच्या पिलासारखं बारीक झालं, आणि एके दिवशी सकाळी ते आलंच नाही. भिकुबाई दारात येऊन एवढंच म्हणाली की अजून श्वास चालू आहे.

त्याच सकाळी ती अंथरूण उन्हात टाकायला आत आली. कमलबाईला बसती केली, गोधडी काढली, उशी उचलली. आणि मी वळले. भिकुबाई खाटेला वळसा घालून पेटीच्या पलीकडे निघाली, तशी तिच्या पावलापावलाबरोबर माझी मान फिरत गेली. कमलबाईचे डोळे विस्फारले. तिला वाटलं, आपल्या अंगातलं ते उठून आता सासूच्या मागे लागलं. भिकुबाईने पलीकडच्या कोनाड्यात काहीतरी ठेवलं आणि गोधडी घेऊन ती खोलीबाहेर गेली.

मी कोनाड्याकडेच बघत राहिले.

कमलबाईने पुन्हा पेटीकडे पाहिलं. सासू बाहेर, आपण खाटेवर, मग ही सुई रिकाम्या कोनाड्यात कुणाला बघते? बाळंतिणीने जमिनीवर पाय ठेवायचा नसतो, तरी ती भिंतीला धरून उठली. कोनाड्यात विळा होता. बाळबाळंतिणीला काही बाधू नये म्हणून आपल्याकडे उशाखाली लोखंड ठेवतात, तोच विळा. घरोघरी असतो, म्हणून घरातल्या कुणाच्या ध्यानात आला नव्हता. आणि लीलाधर तर बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदाच आला होता. कमलबाईने विळा उचलून उजवीकडे नेला. मी उजवीकडे वळले. डावीकडे नेला, मी डावीकडे. मग तिने तो लांब अंगणात भिरकावून दिला आणि परत येऊन माझ्यावर वाकली. मी हळूहळू फिरत फिरत उत्तरेला गेले आणि स्वस्थ झाले.

तिने आधी काय केलं असेल? शेजारच्या खोलीत गेली आणि पोर उचलून माझ्या खोलीत घेऊन आली. पोरीत चोखायचंही बळ नव्हतं. कमलबाईने दूध बोटावर घेऊन थेंब थेंब तिच्या ओठांत सोडलं. भिकुबाई धावत आली, किंचाळली, पोर ओढून घ्यायला लागली. कमलबाईने सोडली नाही. गोंगाट ऐकून रुपचंद आला. लीलाधर रोज लांबून चौकशी करून जायचा, तोही त्या वेळी दारात येऊन उभा राहिला.

कमलबाईने नवऱ्याला अंगणातला विळा आणायला लावला आणि सगळ्यांदेखत तो पेटीवरून फिरवायला लावला.

"हाई लोखंडले दखस," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माले नही."

लीलाधर मटकन खाली बसला. मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारणार. पण त्याला सुटल्यासारखं झालं होतं. तो हसायलाच लागला.

"तरीच! त्या दिवशी माझा हात तर खिशात होता हो. देवाशपथ खिशात होता."

रुपचंदने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग बाकी येळले हात कोठे ऱ्हास?"

रुपचंदने त्याचा हात धरून पेटीवर आणला, अंगठीसकट. मी वळले. वेशीपर्यंत त्याला लोकांनी कसं पोचवलं ते सांगत बसत नाही. तो पुन्हा सोनगीरला फिरकला नाही, एवढं खरं.

पोरीने दुसऱ्या दिवशी तोंड लावलं, आणि चोखताना तिचा चुटुक चुटुक आवाज खाटेवरून मला ऐकू आला. बारशाला तिचं नाव वच्छला ठेवलं. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण भिकुबाई उंबऱ्यावर बसून राहायची, जेवायलाही उठायची नाही. एकदा तिने कुणाकडेही न बघता विचारलं, "मंग पहिला पोऱ्यानी येळले?" पहिल्या पोराच्या वेळचं म्हणत होती ती. दुधात टाकलेली कुठलीही मुंगी बुडून मरणारच, हे तिला आता कळलं होतं.

त्यानंतर भिकुबाईने मला पेटीतून काढून डबीसकट पदराखाली घेतलं. जिथे जिथे बाळंतीण असेल तिथे ती जायची, जवळच्या गावांतही जायची. सोबत विळा. डबी बायांच्या हातात द्यायची, विळा त्यांच्याच हातांनी फिरवायला लावायची आणि सांगायची की मी दोनदा फसले आणि एक लेकरू गमावलं. तुमच्याकडे कुणी यंत्र घेऊन आला, की ते आधी हातात मागा. बाया हसायच्या, काही जणी तिला वेडी म्हणायच्या. ती जातच राहिली. मगनच्या तिपाईवर मला जो मान मिळाला त्याहून हे काम मला मोठं वाटायचं.

पण एका घरी काय झालं ऐका. घरची सून पोटुशी होती, तिने सगळं नीट पाहिलं, विळा स्वतः फिरवला, मान डोलवली. भिकुबाई निघाली तशी तिने तिचा पदर धरला.

"बठ्ठं खरं शे, अक्का. पन एक डाव मनावर धरी दखा ना."

सगळं पटलं होतं, तरी डबी एकदा आपल्या अंगावर धरून बघा म्हणून ती विनवत होती. त्या पोरीच्या डोळ्यांत मला जीवराम दिसला. भिकुबाई तशीच घरी आली, उन्हात बसली, विळ्याच्या टोकाने तिने डबीची काच उचकटली आणि मला टोकावरून उचललं. मला कापसात गुंडाळून तिने लाकडी पेटाऱ्यात टाकलं. मला राग आला नाही, मित्रांनो. खरंच नाही आला. रडू मात्र आलं.

आता मी आडवी पडून असते. कधी अंगातून ती गार कळ जाते, पण मान वळवता येत नाही, आणि उत्तर कुठे आहे तेही सांगता येत नाही. वच्छला शाळेत जाते. सुट्टीत मैत्रिणींना आणि पोरांना जमवून ती कापूस उलगडते, आणि तुम्ही सगळे वर वाकून बघता. बघा, हातात घ्या, उलटीसुलटी करा. पण तुमच्यातला एक जण काल सगळे गेल्यावर मागे राहिला, त्याने मला छातीवर ठेवलं आणि श्वास रोखून वाट बघितली. बाळा, तुला खोकला असेल तर आईला सांग, दवाखान्यात जा, तिथे कुणीतरी तुझी छाती नीट ऐकेल. मला विचारू नकोस. मला तुमचं दुखणं कधीच कळत नव्हतं.