मोठ्या माणसांचे हात

"या खेपेला चित्रासाठी नाव तुम्हीच सुचवा, वॉरन," शाळेची पुस्तकं काढणारी संपादक ग्लेंडा फोनवर म्हणाली. "इतिहासातलं कुणीही मोठं माणूस चालेल. फक्त शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर मला ते पान दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

वॉरन टायगन 'बरं' म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच 'बरं' म्हणायचा. चर्चच्या बायका भट्टीत भाजलेली हॉटडिश जेवायला घेऊन आल्या तेव्हाही बरं, आणि ती न खाताच नासली म्हणून शेजारच्या लाइलने फेकून दिली तेव्हाही बरं. बायको जाऊन दोन महिने होत आले, तरी त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. रडायला आत काहीतरी हलावं लागतं. त्याच्या आत हिवाळ्यात गोठलेल्या डुलुथच्या बंदरासारखा नुसता बर्फ बसला होता.

शाळेच्या पुस्तकांसाठी थोरामोठ्यांची चित्रं काढण्यात वॉरनचा जन्म गेला. चेहरा जुन्या चित्रांवरून उतरवता येतो, पण खांदे, पाठ, बसण्याची ढब यांसाठी समोर जिवंत माणूस लागतं. ते माणूस म्हणजे त्याची बायको आर्डिस. पलंगपोस गुंडाळून ती वॉशिंग्टन झाली, पुठ्ठ्याची उंच टोपी घालून लिंकन झाली, आणि लिंकन असतानाच मधे जाऊन बटाटे हलवून आली. "एखादी बाई निवड ना कधीतरी," ती म्हणायची. "लग्न झाल्यापासून दाढीतच आहे मी." पुस्तकांना पुरुषच हवे असत, त्याला तो तरी काय करणार?

आता कुठलंही नाव आठवलं की पलंगपोसातली आर्डिस आधी उभी राहायची. तिच्याशिवाय आपल्याला चित्र जमतं की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हतं. हे पान हातचं गेलं तर आपण पुन्हा कुंचला धरणार नाही, एवढं मात्र तो जाणून होता. आणि याचंही त्याला फारसं काही वाटत नव्हतं.

गुरुवारी तो वाचनालयात जाऊन बसला. समोर आलेलं पुस्तक उघडलं, त्यात तारयंत्रवाला सॅम्युअल मोर्स होता. मोर्स मुळात चित्रकार. परगावी कुणाचं तरी चित्र काढत असताना इकडे त्याची बायको गेली. पत्र मिळून तो घरी पोचेपर्यंत तिला पुरूनही झालं होतं.

वॉरनने ते दोनदा वाचलं. आर्डिस स्वयंपाकघरात कोसळली तेव्हा तो पलीकडच्याच खोलीत रेडिओ लावून चित्र रंगवत होता. करपलेल्या सूपच्या वासाने त्याला उठवलं. मोर्सला निदान शेकडो मैल आडवे आले होते, वॉरनच्या आड नुसती एक भिंत होती. वाचनालयातल्याच फोनवरून त्याने ग्लेंडाला मोर्सचं नाव कळवलं.

मोर्स व्हायला लाइल आपणहून तयार झाला. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, त्याला स्थिर बसणं कुठलं जमायला. तारयंत्राच्या जागी वॉरनने स्टेपलर ठेवला होता, त्यावर बोट टेकवून तो सारखा खिडकीबाहेर बघायचा.

"नाक खाजवलं तर इतिहास बिघडेल का रे?" त्याने विचारलं.

"हलू नकोस."

"आर्डिस कशी बसत होती एवढा वेळ?" बोलून गेल्यावर लाइलने जीभ चावली.

वॉरनने पेन्सिल थांबवली. "तीसुद्धा नव्हती बसत," तो म्हणाला, आणि पुन्हा रेघ ओढू लागला.

चित्र झालं. बरं झालंय की वाईट, हे त्याला कळेना. तो ते घेऊन ग्लेंडाच्या ऑफिसात गेला. तिने उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं.

"कित्येक वर्षांतलं तुमचं सगळ्यात चांगलं चित्र आहे हे," ती म्हणाली. मग हसली. "रागावू नका हं, पण इथे सगळे चेष्टा करायचे. टायगनच्या थोर पुरुषांना बायकी हात असतात म्हणून. वॉशिंग्टन घ्या नाहीतर लिंकन, मनगट आपलं एवढंसं. याचे हात कसे अगदी पुरुषाचे आलेत."

वॉरनला हे कधी दिसलंच नव्हतं. त्याच्या मते तो वॉशिंग्टनचे हात काढत होता.

त्याने तिच्या हातातून चित्र काढून घेतलं. "हात चुकलेत," तो म्हणाला.

"अहो, तेच तर बरोबर आहेत."

"चुकलेत. उद्या आणून देतो."

घरी येऊन त्याने लाइलच्या जाडजूड हातांवर पांढरा रंग चढवला आणि तो वाळेपर्यंत शेजारी बसून राहिला. समोर कुणी नको होतं, फोटोही नको होता. अरुंद मनगट, थंडीत सुजणारी पेरं. डाव्या हाताची करंगळी एकदा गाडीच्या दारात सापडली होती, ती पुढे कधी सरळ झालीच नाही. ती काढताना त्याला दिसेनासं झालं. त्याने चष्मा पुसला, तरी दिसेना. आर्डिस हवी होती त्याला, बाकी काहीच नको होतं.

बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि मोर्सची करंगळी होती तशी वाकडी पुरी केली.